बालकलाकाराचे बाबा

यवतमाळात बालकलाकार क्वचित एखादा निघतो. बालकलाकाराचे बाबा मात्र गल्लोगल्ली सापडतात. नवरात्रात दुर्गादेवीच्या मंडपात साडेतीन वर्षांचा पोट्टा माइकवर दोन डायलॉग फेकतो, बाया ओढणी तोंडाला लावून हसतात, आणि बाबांचं करिअर सुरू होतं.

दोष सगळा त्यांचा नाही. 2018 साली ‘नाळ’ सिनेमा आला. त्यातल्या चैत्यासाठी अमरावतीकडच्या श्रीनिवास पोकळेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे वऱ्हाडी बोलूनही दिल्लीला जाता येतं! पुढं 2021मध्ये ‘माझी तुझी रेशीमगाठ’ मालिकेतली परी, म्हणजे मायरा वायकुळ, घरोघरी लाडकी झाली आणि बाबांची झोपच उडाली. “भाऊ, आपला पोट्टा तिच्याहून काय कमी हाय?” पोट्टा तेव्हा अंगणात बकरीच्या मागं धावत होता.

मग धामणगावहून मुंबईसाठी विदर्भ एक्स्प्रेस. रात्रभर बाबा त्याच्याकडून ‘मले’चं ‘मला’ घोटून घेतात. गोरेगावच्या ऑडिशनला पोचल्यावर कळतं, मालिका गावाकडची आहे. बाबा खूश! पण तिथलं गाव कोल्हापूरकडचं. त्यांना ‘काय रं’ पाहिजे. परतीच्या गाडीत ‘रं’ची घोटणी.

एकदाचा रोल मिळतो. नायकाचं लहानपण. आता बाबा ‘आमचा मुलगा काम करतो’ असं म्हणत नाहीत, ‘आमचं शूट आहे’ म्हणतात. दत्त चौकात चहा पिताना घड्याळ पाहतात. कंटिन्युटीपायी पोराचे केस कापू देत नाहीत. पुढचा दुधाचा दात हलायला लागला तेव्हा तर त्यांनी त्याला आठवडाभर वरणभातावर ठेवलं. दात पडलाच. लेखकानं सायकलवरून पडण्याचा सीन टाकला. “आपल्यासाठी ट्रॅक बदलला,” असं बाबांनी अख्ख्या दारव्हा रोडला सांगितलं.

कायद्यानं लेकराचा विचार बारकाईनं केलाय. 2017च्या बालकामगार नियमांप्रमाणे 14 वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला 5 तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय 3 तासांहून जास्त नाही, सलग 27 दिवसांहून जास्त नाही. कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. जिथं शूटिंग, तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं काढायची. तरी बाबा यवतमाळच्या कलेक्टर ऑफिसात पेढे वाटून आले. पोरगं काम करतं 5 तास. उरलेले 19 तास बाबा करतात.

आणि मग लीप येतो. टीव्हीवरच्या बालकलाकाराला म्हातारपण असं एका रात्रीत गाठतं. सोमवारी मालिका 20 वर्षं पुढं सरकते, पोराच्या जागी दाढीवाला हिरो उभा. पोरगं मजेत शाळेत परततं, गुणाकारात मार खातं, कबड्डीत गुडघे फोडून घेतं. खचतात ते बाबा. चार दिवस जेवत नाहीत. पाचव्या दिवशी पाळण्यातल्या धाकटीकडं एकटक पाहत बायकोला म्हणतात, “इचे एक्स्प्रेशन पाह्यले का वं?”

बालकाला त्याच्या मर्जीविरुद्ध कामाला लावता येणार नाही, हेही त्याच नियमांत लिहिलंय. यवतमाळच्या समस्त आयांनो, तेवढं कलम मोठ्या अक्षरांत छापून फ्रिजवर चिकटवा.