एक तोळ्याचा नेम

घोड नदीच्या काठानं ऊस वाढला, उसात बिबट्या वाढला आणि बिबट्यामागोमाग नानाही वाढले. नाना म्हणजे कुणी एकटे नव्हेत. शिरूर तालुक्यात गावागणिक एक तरी सापडतोच. आयुष्यात पारव्याला खडा मारलेला नाही, पण आफ्रिकेतल्या रानरेड्याला कुठली गोळी लागते ते तोंडपाठ.

नानांचं म्हणणं, कारखान्याचं काडतूस म्हणजे मेसचं जेवण. बार आपल्या हातानं भरावा. पितळी कवचं तोलून सारख्या वजनाची निवडावीत, दारू ग्रेनवर मोजावी, गोळी केसभर आत, केसभर बाहेर बसवून बघावी आणि शंभर यार्डांवर तीन गोळ्या रुपयाएवढ्या जागेत येईपर्यंत हटू नये. ग्रेन म्हणजे किती हो, असं चुकून कुणी विचारलं की त्याचा चहा गार झालाच.

"एका तोळ्यात 180 ग्रेन! तीस-झिरो-सिक्सची 180 ची गोळी म्हणजे चोख एक तोळा. हॉलंड अँड हॉलंडची तीनशे पंच्याहत्तर, 1912 सालची, तिची 300 ग्रेनची. पावणेदोन तोळ्याला जराशी कमी!"

शेजारचा सोनार मान डोलावतो. कौतुकानं की आजचा भाव आठवून, कळत नाही.

उन्हाळ्यात दारू तापते, गोळी जास्त वेगानं सुटते. म्हणून मे महिन्याचा बार वेगळा, डिसेंबरचा वेगळा. हे सगळं वहीत. कारण परवान्याशिवाय काडतूस भरणं 1959 च्या शस्त्र कायद्यात बसत नाही आणि शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंद. घरात बंदूक आहे ती आजोबांची, ठासणीची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. लोकसभा, विधानसभा, झेडपी, पंचायत. सुनेला माहेर मिळत नाही एवढं बंदुकीला ठाणं मिळतं. ठासणीच्या बंदुकीचा प्रत्येक बार हातानंच भरावा लागतो, पण नाना ते जमेस धरत नाहीत. त्याला मूठ पुरते, वही लागत नाही.

परवा बिबट्या एका गोठ्यात अडकला. कुणीतरी 1926 या हेल्पलाइनला फोन लावला, वनखात्याची गाडी आली. बिबट्याला पाहून गाव मागं सरलं. डॉक्टरांना पाहून नाना पुढं. डॉक्टर भुलीच्या बाणात औषध भरत होते. जनावराच्या वजनावर मात्रा, अंतर बघून हवेचा दाब. म्हणजे हातानं भरलेला बारच की, आणि तोही सरकारमान्य! नानांना गहिवरून आलं.

"वजन किती धरलंत?"

"असेल पन्नासेक किलो."

"असेल?"

"अंदाज, आजोबा. काट्यावर ये म्हटलं तर येईल का तो?"

"अन् औषध किती ग्रेन?"

"मिलिलिटर. जरा मागं सरका."

नानांनी खिशातून वही काढली, ग्रेनचे मिलिलिटर करायला घेतले. दारूचं सूत्र औषधाला लागेना. तेवढ्यात फट् झालं, बाण मांडीत रुतला. पंधराएक मिनिटांत बिबट्या लवंडला, पिंजऱ्यात गेला, गाडीत चढला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सरपंच डॉक्टरांसाठी नारळ शोधायला धावले.

नाना एकटेच गंभीर होते. "झोपला, ते ठीक आहे," ते सोनाराला म्हणाले, "पण दोन इंच डावीकडं गेला."