डाव्या हाताचा सत्यनारायण

आमच्या घराण्यात कुणी तोंड काळं केलेलं नाही, असं आत्या छातीठोकपणे सांगते. जुन्या निगेटिव्ह उजेडात धरल्या, तर नानांपासून भटजींपर्यंत सगळ्यांचीच तोंडं काळी!

निगेटिव्हचा डबा उघडताच आत्यानं नाक मुरडलं. "लोणचं नासलं की काय रे?" ॲसिटेटची फिल्म दमट हवेत सडायला लागली की ॲसेटिक आम्ल सोडते, व्हिनेगरचाच वास. एक बिघडली की शेजारणींनाही बिघडवते. उरलंसुरलं काम कोकणातल्या पावसात बुरशीनं केलेलं. तिचं खाद्य म्हणजे फिल्मवरचा जिलेटिनचा थर. चित्र घडवणारे चांदीचे कण त्यातच रुतलेले असतात. हे जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढतात. सोवळ्यातल्या नानांचा सत्यनारायण त्यावर उमटलाय, हे आत्याला सांगायची माझी छाती नाही.

काम तसं सोपं. टॅबचा पडदा पांढरा करायचा, त्याच्यावर जरा उंचावर काच, काचेवर फिल्म, वरून फोनने फोटो, मग काळ्याचं पांढरं. फिल्मची चकचकीत बाजू मात्र वर हवी. भाच्यानं मंद बाजू वर ठेवली आणि नाना डाव्या हातानं तीर्थ देताना अवतरले. "आमचे नाना? डाव्या हातानं?" आत्या कडाडली. भाच्यानं चित्र आडवं पलटवलं, धर्म वाचला.

खरी गंमत पुढेच. क्लिक थ्री कॅमेऱ्यात 120चा रोल, फोटो 12. तो संपायला वर्ष लागायचं, त्यामुळे मुंज, सत्यनारायण आणि नवी म्हैस एकाच रोलवर. छापायला पैसे पडत, म्हणून निवडकच छापायचे. अल्बमात गेले ते ताठ बसलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेले. गाळलेले सगळे इथे भेटले. काका जांभई देतायत, बटू जानवं चघळतोय, आणि ज्या दोन जावांनी म्हणे जन्मभर अबोला धरला, त्या पंक्तीमागे तोंडाला पदर लावून खिदळतायत.

एका चौकटीत म्हशीशेजारी एक गृहस्थ सगळे दात दाखवून हसत होते. आत्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"हे नाना नव्हेत. नाना हसत नसत."

"मग कोण?"

"मला काय ठाऊक? म्हैस मात्र आमचीच. कपाळावर चांद आहे बघ."

फोटो घरच्या ग्रुपवर गेला तो आत्यानं सांगितलेल्या ओळीसकट: 'आमची चंद्री. सोबत कुणीतरी.'