जोत्यावरील गृहसौख्य

नव्या घराची प्रगती डोळ्यांना दिसलीच पाहिजे, असा हट्ट धरणारे लोक मुळातच अश्रद्ध असतात. महाराष्ट्राच्या 2017 च्या रेरा नियमांना जोडलेल्या करारनाम्याच्या नमुन्याने या नास्तिकतेवर उत्तम उतारा दिला आहे. इमारतीने जमिनीतून नुसते घोटे वर काढले, म्हणजे जोते पूर्ण झाले, की एकूण मोबदल्याच्या 45 टक्क्यांपर्यंत रक्कम मागण्याचा अख्त्यार बिल्डरास प्राप्त होतो. स्लॅब पडले की तोच आकडा 70 वर जातो. आणि भिंती, आतला गिलावा, फरशी, दारे, खिडक्या असल्या किरकोळ बाबी पुढच्या अवघ्या 5 टक्क्यांत उरकतात.

आमची नम्र सूचना अशी की, भूमिपूजनाचा नारळ फुटताक्षणीच शंभर टक्के वसुली करावी, म्हणजे दर रविवारी सहकुटुंब जाऊन गंजत्या सळयांची टोके न्याहाळणारा, त्यांची छायाचित्रे सासुरवाडीस पाठवणारा आणि बँकेचा हप्ता व चालू घराचे भाडे एकाच महिन्यात चुकते करणारा गृहस्थ प्रगतीच्या चिंतेतून कायमचा मुक्त होईल. शिवाय 45 टक्के भरणारास जोत्यावर राहण्याची रीतसर मुभा असावी. हे अव्यवहार्य मुळीच नाही. आमच्या पाहण्यातील एका जोत्यावर चूल पेटते, डालड्याच्या डब्यात तुळस आहे, दोन सळयांना लुगड्याची झोळी बांधलेली आहे. ते बिऱ्हाड रखवालदाराचे. त्या इमारतीत आजवर ताबा मिळालेले कुटुंब तेवढेच.