करायलोय, करायलास, करायलेत

लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या पोरीला पाठांतराचं भय नसतं. पुतणीनं 'मनी हाइस्ट' मालिकेच्या नादानं स्पॅनिश धरली आणि आवर्त सारणीशेजारी तक्ता डकवला: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. बोलतो, बोलतोस, बोलतो, बोलतो, बोलता, बोलतात. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते फुटावेत तसे एका धातूला फाटे, तेही नुसत्या वर्तमानकाळात! (पोरगी मेक्सिकोला गेली तर पाचांवर भागेल, 'आब्लाइस' तिकडं कुणी म्हणत नाही.)

"काका, लई अवघड हाय ओ."

मला तसं वाटेना. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली मराठी व्याकरणाचा केवढा ग्रंथ लिहिला! ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात ही क्रियापदाच्या रूपांची नावं पुस्तकात ठेवून आपण बिनघोर बोलतो. 'जेवलास का?' विचारताना 'तू' कुठं लागतो? स्पॅनिश माणसालाही लागत नाही, कर्ता शेपटीत बसलेला असतो. आपल्याला बिघडवलं ते इंग्रजीच्या 'आय गो, यू गो, वी गो'नं. उलट स्पॅनिशात सूटच आहे: 'आब्लो' बाई म्हणो की बाप्या, रूप तेच. बोलतो-बोलतेची भानगड नाही.

'एस्तोय आब्लांदो' तर आपल्या गावचंच. पुस्तकात 'बोलत आहे' छापतात, लातूर-नांदेडात माणूस 'बोलायलोय' म्हणतो. एस्तोय, एस्तास, एस्तान. बोलायलोय, बोलायलास, बोलायलेत. त्यांचं तोंड बदलतं, आपली शेपूट.

पोरगी अडली 'उस्तेद'पाशी. आदरानं 'आपण' म्हणायचं आणि क्रियापद मात्र 'तो'चं लावायचं. 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून हा शब्द आला, म्हणून क्रियापद अजून त्या कृपेलाच धरून आहे.

"समोरच्या माणसाला 'तो' कसं म्हणायचं?"

"कोणत्याही कचेरीत जाऊन बघ. साहेब समोर बसलेले असतात आणि शिपाई त्यांनाच विचारतो, 'साहेब चहा घेतील का?'"

हे पटलं. पण 'इर' म्हणजे जाणं, त्याचा भूतकाळ 'फुई'. आणि 'सेर' म्हणजे असणं, त्याचाही 'फुई'! गेलो आणि होतो एकच? वाक्यावरून समजून घ्यायचं म्हणे. जा-चं 'गेलो' कुठून झालं, हे मात्र तिनं जन्मात कधी विचारलं नव्हतं.

"ह्यांच्या भाषेला शिस्तच नाही," असं पुटपुटत तिनं बॅग उचलली, "येते काका" म्हणाली आणि फिजिक्सच्या क्लासला गेली.