शेळीसह सहलीला जावे कसे?

चारचाकीच्या टपावर तंबू बांधून हिंडणाऱ्यांची नवी मुंबईत आता एक वेगळी जमातच झाली आहे. शुक्रवारी रात्री पाम बीच रस्त्यावर ती लगेच ओळखू येते. टपावर घडीचा तंबू, मागच्या दाराला फावडं, कडेला दोन जेरीकॅन. आणि आतला गृहस्थ निघालेला असतो पवना धरणाकडे, पण चेहरा सहारा ओलांडायला निघाल्याचा. या गृहस्थाला सगळं ताजं लागतं. पिशवीतल्या दुधावर त्याचा विश्वास नाही, खोक्यातल्या अंड्यावर तर मुळीच नाही. आज ना उद्या त्याच्या डोक्यात येणारच, की एक शेळी आणि चार कोंबड्या बरोबर घेतल्या तर? तेव्हा पुढचं मार्गदर्शन आगाऊ करून ठेवलेलं बरं.

सर्वप्रथम शेळी. ती व्यालेली असावी लागते. हे लिहावं लागतं, कारण शेळी म्हणजे चारपायी नळ, तोटी फिरवली की दूध, अशी खारघरपासून ऐरोलीपर्यंत अनेकांची प्रामाणिक समजूत आहे. शेळी पाच महिने गाभण राहते, मग विते, मग दूध देते, आणि ते दूध प्रथम करडांचं असतं. म्हणजे करडंही गाडीत आली. उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळीचं दूध दिवसाला लिटरच्या आसपास धरावं. त्यातून करडांचा वाटा गेला की चार माणसांचा चहा होतो. दुसऱ्यांदा मागायचा नाही. धार सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी काढावी आणि दूध उकळूनच प्यावं. कच्च्या दुधातून येणाऱ्या तापाला ‘ऑर्गॅनिक’ म्हणत नाहीत.

चाऱ्याचं भान सगळ्यांत महत्त्वाचं. शेळी काहीही खाते, हा समज शेळीने नव्हे, माणसाने पसरवलेला आहे. ती खरं तर चोखंदळ. शेंडा खाईल, बुडखा सोडेल. पण भुकेली शेळी रस्त्याकडेला मोकळी सोडली तर घोटाळा होतो. महामार्गाच्या दुभाजकावर शोभेला लावलेली कण्हेर तिला विषारी. डोंगरउतारावर माजलेली घाणेरीही वाईटच. आणि कौतुकाने पुढे केलेला उरलेला पुलाव, पाव, पोळ्यांची चवड यांनी पोट बिघडून शेळी रात्रीत आडवी होते. एवढ्या रात्री धरणाकाठी जनावरांचा डॉक्टर शोधणं हा साहसी पर्यटनाचा भाग मानायचा असेल तर गोष्ट वेगळी.

कोंबड्यांचं शास्त्र सोपं. एक अंडं तयार व्हायला साधारण एक दिवस आणि वर तास-दोन तास लागतात, तेही कोंबडी निवांत असेल तर. घाटातली वळणं, मोठ्याने लावलेली गाणी आणि दर अर्ध्या तासाने डालग्यात डोकावणारं कुटुंब, एवढं झालं की ती अंडं देणं थांबवते. तिला घाम येत नाही. उन्हात उभ्या गाडीत ती चोच उघडून धापा टाकू लागली की वेळ थोडा उरलेला असतो. पकडायची असेल तर अंधार पडल्यावर पकडावी. अंधारात तिला फारसं दिसत नाही, म्हणून ती गोंधळ करत नाही.

कोंबडा नेऊ नये. अंड्यासाठी त्याची गरज नसते आणि शेजारच्या तंबूतल्यांना तर नसतेच नसते.

कायद्याचंही बघावं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 पासून लागू आहे. शेळीचे पाय बांधून तिला डिकीत कोंबणं ही त्यात क्रूरताच ठरते. सोसायटीच्या सेक्रेटरींची लिफ्टबाबतची भूमिका मात्र कोणत्याही कायद्याहून कडक असते. शेळी प्रवासाला नेण्याची कल्पना तशी जुनीच. दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या ‘एंडेव्हर’ जहाजावर दुधासाठी एक शेळी होती. त्याआधी ‘डॉल्फिन’ जहाजावरून ती एकदा पृथ्वी फिरून आलेली होती, म्हणजे तिच्या दोन जगप्रदक्षिणा झाल्या, आणि इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनने तिच्यावर लॅटिन ओळी रचल्या. त्या शेळीला पार्किंगचा स्टिकर लागला नव्हता.

खरं तर या विषयातले जाणकार दरवर्षी नवी मुंबईच्या वेशीपर्यंत येतात. माण, खटाव, फलटण या कमी पावसाच्या पट्ट्यातले धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन निघतात. काही देशावरच फिरतात, काही घाट उतरून खालापूर, पेण, पनवेलच्या रिकाम्या भातखाचरांत येतात आणि पावसाळ्याआधी परततात. कोकणातला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही. चिखलात खुरं कुजतात.

त्यांची घोडी जवळून पाहावी. पाठीवर घोंगड्या-गोधड्या, त्यावर पिठाची गोणी, पातेली आणि मेंढरं कोंडायची जाळी, म्हणजे वाघूर. त्या बिऱ्हाडाच्या खळग्यात चालवत नाही अशी दोन-चार दिवसांची कोकरं, नुसती डोकी बाहेर. कधी शेजारी एखादं लेकरू. वर कोंबड्यांचं डालगं. बाया घोडी घेऊन पुढे जातात आणि ठरल्या जागी वाडा, म्हणजे मुक्काम, टाकतात. पुरुष मेंढरं चारत संध्याकाळी पोचतात. तोवर कोंबड्या मोकळ्या सुटून दाणे टिपत असतात. कळपात चार शेळ्या असतात, चहाच्या दुधाला आणि आई नसलेल्या कोकरांना पाजायला. एवढ्या सामानात फावडं लावायला जागा राहत नाही.

पण कॅम्पवीरांनी नीट ऐकायची गोष्ट पुढेच आहे. शे-दोनशे मेंढरं पदरी असलेला हा माणूस ती खात नाही. जत्रा, नवस, पाहुणा आला तर ठीक. एरवी मेंढरू म्हणजे भांडवल, विकायचं. रोज पोटात जाते ती भाकरी, आणि ती येते लेंडीतून. शेतकरी मेंढरं रात्री आपल्या रानात बसवून घेतो, खताच्या बदल्यात पूर्वी धान्य द्यायचा, आता बहुतेक ठिकाणी पैसेही देतो. तेव्हा ताज्या अन्नासाठी जनावर न्यायचंच असेल, तर गाडी कुणाच्या तरी शेतात लावून एका शेळीच्या रात्रभराच्या लेंड्यांवर काय मिळतं, हे आधी विचारून पाहावं.

गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक वर्षानुवर्षं धनगरवाड्यांवर हिंडले, त्यांच्या ओव्या जमवल्या, बिरोबा-म्हसकोबा-खंडोबा या त्यांच्या देवांवर 1976 मध्ये ग्रंथ लिहिला. आपल्याकडचे लोक वाड्यासमोर गाडी थांबवतात, कोकरू उचलून फोटो काढतात, आणि ‘किती साधं आयुष्य’ म्हणत काच वर करतात. साधं? रात्री बिबट्या, दिवसा वनखात्याची हद्द, कुंपणं, कुरणांवर उठलेले प्लॉट, चोरीला जाणारी मेंढरं. कुत्री आणि जागरण यांवर हा संसार चालतो.

घाटात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. बोरघाटातून वाट काढताना इंग्रज अडले, तेव्हा ती एका धनगराने दाखवली आणि बदल्यात त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका सांगतात. घाटातली रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली. आज द्रुतगती मार्गावरून चालत जायला माणसालाही बंदी, मग कळपाचं काय. वाट दाखवणाऱ्याच्या जातभाईंनी जुन्याच रस्त्याने जावं.

तेव्हा, मंडळी, शेळी विकत घेऊ नका. अंडी वाटेतल्या गावात घ्या, आणि घासाघीस करू नका. दिवाळीनंतर जुन्या रस्त्यावर कळप आडवा आला तर इंजिन बंद करा आणि हॉर्न वाजवू नका. बुजलेली कोकरं गाडीखाली येतात.