ज्याचा त्याचा किमान पारा

हिवाळ्यात सरासरी किती तापमान असावे, याविषयी महाराष्ट्रातील प्रत्येक सज्ञान नागरिकाचे मत ठाम असते. ऑक्टोबर हीट सरून पंखा पाचावरून तीनवर आला की ते बाहेर पडू लागते. हे मत अंगाला लागणाऱ्या गारव्यावरून बनते, असा समज आहे. प्रत्यक्षात ते राहत्या पत्त्यावरून बनते. आपल्या शहरात आहे आणि शेजारच्या शहरात नाही, ते तापमान आदर्श.

शास्त्राने या प्रश्नाकडे जरा भाबडेपणाने पाहिले. डेन्मार्कचे संशोधक ओले फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणसाला बरे वाटणे सहा गोष्टींवर ठरते : हवेचे तापमान, भोवतालच्या भिंती-वस्तूंची उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. ‘नाशिकला आज किती होते?’ हा सातवा घटक त्यांच्या समीकरणात नाही. मात्र सर्व काही मनासारखे जुळवले तरी शंभरातले पाच जण नाराज राहतातच, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. फँगर यांचा गृहनिर्माण सोसायट्यांशी संबंध आला नसावा. अन्यथा हा आकडा पाचवर थांबला नसता.

मुंबईत जानेवारीचे सरासरी किमान तापमान सांताक्रूझला सुमारे १७ अंश असते, कुलाब्याला समुद्राच्या कृपेने त्याहून दोन-अडीच अंश जास्त. मुंबईकराची पसंती १६ला असते. १६ अंशांवर मनालीसाठी घेतलेले जॅकेट शिवाजी पार्कच्या फेऱ्यांना घालता येते आणि तरी घरात पंखा दोनवर ठेवता येतो. पंखा बंद करण्याइतकी थंडी मुंबईकराला नको असते. पंखा लावून वर ब्लँकेट घेण्याइतकी हवी असते. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली होती. ती निसर्गाने केली असली तरी तिचा उल्लेख घराण्याच्या कर्तबगारीसारखा होतो. हवामान खात्याच्या निकषांप्रमाणे मैदानी भागात थंडीची लाट ठरायला पारा १० अंशांवर किंवा त्याखाली यावा लागतो. किनाऱ्यावरच्या केंद्रांना, सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांची घट असेल, तर १५ अंशही चालतात. ही सवलत पुण्यात अन्यायकारक मानली जाते.

पुण्याचा दावा वेगळ्या पातळीवरचा आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला सिमला ऑफिस हे नाव पडले. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण थंडीचा ताबा आपण सोडलेला नाही, अशी शहराची समजूत आहे. अडचण अशी की पुण्यात एकच तापमान नसते. ज्या पहाटे शिवाजीनगर वा पाषाण दहाच्या खाली असते, त्याच पहाटे मगरपट्टा किंवा कोरेगाव पार्कमध्ये पारा कित्येक अंश वर असतो, कारण काँक्रीट दिवसाची उष्णता रात्रभर धरून ठेवते. तरीही मगरपट्ट्यात राहणारा पुणेकर मुंबईच्या नातेवाइकांना पाषाणचाच आकडा कळवतो. ज्येष्ठांना तोही पुरत नाही. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश होते; त्यानंतरचे सर्व हिवाळे त्यांना नाममात्र वाटतात. सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा त्या काळी शाल पांघरून पहाटेची भैरवी ऐकलेल्यांनी तर नव्या पिढीशी थंडीवर बोलणेच सोडले आहे.

महाबळेश्वर या स्पर्धेतला सर्वांत गैरसमज झालेला स्पर्धक आहे. सुमारे साडेतेराशे मीटर उंचीमुळे तेथे थंडी जास्तच असणार, असे पर्यटक गृहीत धरतो आणि पुण्यातल्या ९ अंशांतून निघून महाबळेश्वरच्या १३ अंशांत कुडकुडायला जातो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन सखल भागात साचते. माथा तुलनेने उबदार राहतो. म्हणूनच गावात १२-१३ अंश असताना खाली वेण्णा तलावाच्या काठी दव गोठते. पर्यटक त्याचा फोटो काढतो आणि खाली ‘काश्मीर’ असे लिहितो.

पसंतीला पैशाची किनार असते ती निफाडला. राज्यातील नीचांक बहुधा तेथील गहू संशोधन केंद्रात नोंदला जातो, आणि गव्हाला, हरभऱ्याला तो मानवतो. पण त्याच तालुक्यात द्राक्षेही आहेत. पारा चार-पाच अंशांवर आला की मण्यांची वाढ थांबते, तयार मणी तडकतात आणि बागाईतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून धूर करतो. ज्याच्याकडे गहू आणि द्राक्षे दोन्ही आहेत, त्याला एकाच रात्री बांधाच्या अलीकडे पाच आणि पलीकडे दहा अंश हवे असतात. कोकणातला आंबेवाला आणखी चोखंदळ. मोहोर फुटायला थंडी हवी. पण ती लांबली तर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची बारीक फळे गळतात. थंडीने यावे, काम करावे आणि वेळेवर उठून जावे, ही त्याची अपेक्षा पाहुण्यांबाबतही तशीच असते.

नागपूरची थंडी लोकप्रतिनिधींच्या पसंतीस उतरलेली आहे. १९५३च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन तेथे भरवायचे ठरले आणि ते डिसेंबरात भरते. करारात ऋतूचा आग्रह नसला, तरी मे महिन्यातल्या ४५ अंशांत विदर्भाचा अनुशेष समजून घेण्याची तयारी आजवर कोणत्याही पक्षाने दाखवलेली नाही.

ऊसतोड कामगारांची पसंती नोंदवण्याची पद्धत नाही. गळीत हंगाम नेमका हिवाळ्यात येतो, मुक्काम फडाजवळच्या कोप्यांत असतो आणि तोडणी पहाटे अंधारात सुरू होते. ‘गुलाबी थंडी’च्या बातम्या छापून होतात तीच ही वेळ.

नागरिकाची खरी पसंती मात्र हिवाळ्यात कळतच नाही, ती मे महिन्यात कळते. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या घरगुती एसींचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमांनी बंधनकारक आहे. जानेवारीत १७ अंशांना कानटोपी शोधणारा गृहस्थ रिमोट हातात आल्याबरोबर २४चे १८ करतो, आईने शिवलेली गोधडी काढतो आणि डोक्यावरून घेऊन झोपतो. पत्नी ते मध्यरात्री २६ करते. पहाटे ते पुन्हा १८ झालेले असते. विजेचे बिल आले की दोघेही काही दिवस २४ वर राहतात.