पावडरवाले भाऊ, तुमचा परवाना परत घ्या

प्रति,
पावडरवाले भाऊ,
(दुकानाचं नाव मुद्दाम घालत नाही. तुम्ही ते दर सहा महिन्यांनी बदलता, उगाच पत्र भलत्याच पत्त्यावर जायला नको.)

विषय : आमच्या तात्यांच्या आतड्यांवर केलेल्या उपकारांची पोच.

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, आमचे तात्या कालच दवाखान्यातून घरी आले. तुम्हाला ते आठवत असतील. धुळ्याचे, वय ६८, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. तीस वर्षं रोज संध्याकाळी एक क्वार्टर, आणि गेलं दीड वर्ष रोज सकाळी तुमची पावडर, दोन चमचे, कोमट पाण्यातून. पहिली सवय त्यांना कुणी लावली ते आता कुणालाच आठवत नाही. दुसरी तुम्ही लावलीत. म्हणून मानाचं पत्र तुम्हाला.

तुमची हातोटी मात्र मानली पाहिजे. तात्यांची दारू सुटावी म्हणून अख्खं घर खपलं होतं. काकूंनी शपथा घातल्या, मोठ्या मुलानं अबोला धरला, सुनेनं नातवाला पुढे केलं. हळूहळू गुण येत होता. तात्या गुरुवार पाळायला लागले होते, त्यात एकादशीची भर पडली होती. तेवढ्यात आठवडे बाजारात तुमचा स्टॉल लागला. वर फलक : ‘दारू घेणाऱ्यांच्या आतड्या-लिव्हरसाठी खास. पन्नाशीच्या पुढे अवश्य. पथ्य नाही.’ बाकीचं जाऊ द्या, त्या शेवटच्या दोन शब्दांसाठी तात्यांनी १,४९९ रुपये मोजले. बढतीची ऑर्डर हातात पडावी तसे ते डबा घेऊन घरी आले. त्या आठवड्यापासून गुरुवार सुटला. एकादशीही सुटली. काकू काही बोलल्या की तात्या डब्याकडे बोट दाखवायचे : “सकाळी धुऊन निघतं सगळं.”

भाऊ, तुम्हाला कल्पना नसेल, पण तुम्ही एका थोर सरकारी परंपरेचे वारस आहात. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. कागदोपत्री प्यायला परवाना लागतो, आणि एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळत आला आहे. हा परवाना कशासाठी, तर प्रकृती राखण्यासाठी! पुढे १९५१ मध्ये याच कायद्यावरच्या बालसरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अल्कोहोल असलेली औषधं बाळगण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही. निकाल रास्तच होता. पण मग कुठली बाटली औषधाची आणि कुठली झिंगेची, हे सांगायला तज्ज्ञांचं मंडळ नेमण्याची तरतूद कायद्यात करावी लागली. औषध आणि दारू यांची सोयरीक आपल्याकडे इतकी जुनी आहे. तुम्ही तिच्यात थोडी सुधारणा केलीत, एवढंच. सरकारचा परवाना पाच रुपयांचा, खिशात ठेवायचा. तुमचा दीड हजाराचा, पोटात ठेवायचा.

डब्यावर ठळक अक्षरांत आहे : ‘१०० टक्के वनस्पतीजन्य’. वनस्पतीतून पैसा काढणं खानदेशाला नवं नाही म्हणा. आमच्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तिचीच पुढे विप्रो झाली. तेव्हा तुमच्या भवितव्याची मला काळजी वाटत नाही. पण भाऊ, तात्यांची दारूही वनस्पतीजन्यच होती की! क्वार्टर उसाच्या मळीची. शिरपूरकडचा पाहुणा कधीमधी पहिल्या धारेची आणायचा, ती सातपुड्यातल्या मोहाच्या फुलांची. तंबाखू वनस्पतीच आहे, धोत्राही वनस्पतीच आहे. डब्यावरचा तुमचा तो हिरवा ठिपका एरंडाच्या बीलाही लावता येईल. खाऊन मात्र बघू नका.

आता डब्याच्या आतलं. पहिलं नाव सोनामुखीचं. सकाळी पोट खळखळून साफ होतं ते तिच्यामुळे, आणि तात्यांना वाटायचं रात्रीची दारूच निघून गेली. भाऊ, रात्रीची दारू रात्रीच रक्तात जाते, ती सकाळच्या संडासात सापडत नाही. सोनामुखी दोन-चार दिवस ठीक. महिनोन्‌महिने घेतली तर अंगातलं पोटॅशियम घटतं. पुढे ज्येष्ठमध. त्यानंही पोटॅशियम उतरतं, वर बीपी चढतं. तात्यांना बीपीची गोळी चालू होती, रक्त पातळ राहायचीही होती. तुम्ही विचारलं नाहीत. विचारायचं काय, फलकावरच ‘पथ्य नाही’ होतं.

मग गुळवेल. आमच्याकडे ती कडुनिंबावर फुकट चढलेली असते. करोनाच्या पहिल्या वर्षी घरोघरी तिचे काढे उकळले, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या यकृताला ती घेतल्यानंतर इजा झाली होती. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली : वेल दुसरी असू शकते, दिसायला सारखीच. असू शकते. मग तुम्ही दळलेली कोणती होती? डब्यात सगळं एकाच रंगाचं आहे.

एका घटकाची खोटी तक्रार मी करणार नाही. सर्वात शेवटी, बारीक अक्षरांत, इसबगोल होता. तो कामाचा आहे. भरपूर पाणी पिऊन घेतला आणि गोळ्यांच्या वेळा सोडून घेतला, तर म्हाताऱ्या माणसाच्या बद्धकोष्ठाला त्यानं खरंच आराम पडतो. फक्त तो कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. तेच काम कळण्याची भाकरी, मेथीची भाजी आणि जळगावच्या वांग्याचं भरीतही करतं, आणि त्याचा कोर्स नसतो.

तीन डब्यांवर तुम्ही आसवाची एक बाटली फुकट दिलीत, त्याबद्दल वेगळे आभार. आसव म्हणजे गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवलेलं औषध. त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं, साधारण ५ ते १० टक्के, आणि लेबलावर तसं छापलेलंही असतं. वैद्यानं नाडी बघून दोन चमचे द्यायची ती वस्तू. तात्या लेबल वाचून खुश झाले आणि थेट पेल्यानं घ्यायला लागले. दारूनं दुखणाऱ्या पोटाला बिअरच्या ताकदीचं औषध! असा मेळ बसवायला डोकं लागतं, भाऊ.

मधल्या काळात तात्या म्हणायचे, “आता थोडी घेतली तरी मस्त लागते, पावडरनं पचन सुधरलं.” त्याचं श्रेय तुम्ही घेतलंत. खरं कारण असं, की वय वाढलं की अंगातलं पाणी कमी होतं, आणि चाळिशीत जी क्वार्टर पचायची तीच अडुसष्टाव्या वर्षी जास्त चढते. म्हातारपण चढत होतं, आणि टाळ्या डब्याला पडत होत्या.

आता मुख्य उपकार. दिवाळीनंतर तात्यांना काळी शौच व्हायला लागली. डांबरासारखी, चिकट. काकू घाबरल्या. तात्यांनी तुम्हाला फोन लावला, स्पीकरवर. तुम्ही म्हणालात, “घाबरू नका, विष बाहेर पडतंय. डोस दुप्पट करा.” हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. चार दिवस तात्यांनी डोस दुप्पट केला. पाचव्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की डांबरासारखी काळी शौच म्हणजे बहुतेक वेळा वरच्या पोटात रक्तस्राव, आणि ती दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तात्यांच्या जठराला दारूनं व्रण पडला होता, रक्त पातळ करणाऱ्या गोळीनं तो वाहता ठेवला. बाहेर पडत होतं ते तात्यांचंच रक्त. विष, भाऊ, तुम्ही स्पीकरवरून आत घालत होतात.

मी बाईंना डबा दाखवला. त्यांनी तो फिरवून मागची बाजू वाचायला दिली. अन्नपूरक पदार्थांवर कायद्यानं छापावंच लागतं ते वाक्य तिथे होतं, मुंगीच्या अक्षरांत : औषधी वापरासाठी नाही. पुढच्या बाजूला लिव्हर, आतडी, वाताचा निचरा. मागच्या बाजूला हे. अख्ख्या डब्यावर खरं बोलणारी तेवढी एक ओळ, आणि ती वाचायला तात्यांना भिंग लागलं असतं.

तुमच्या पावडरवर डॉक्टरीणबाईंचा फार राग दिसला नाही. राग दीड वर्षावर होता. दारू थांबली, तर जठराची सूज उतरते, यकृतावरची चरबी काही आठवड्यांतच कमी व्हायला लागते. ते दीड वर्ष तात्यांकडे होतं. ते तुम्ही विकत घेतलंत, तेही तात्यांच्याच पैशांनी. एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, तुमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी इथे लिहितो : रोज पिणाऱ्यानं एका रात्रीत, आपल्या मनानं, दारू तोडू नये. हातपाय थरथरतात, भ्रम होतो, फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, ‘ब १’ जीवनसत्त्व घ्यावं. पुण्यात अवचट दांपत्यानं १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथेही दारू देखरेखीखालीच सोडवतात. तिथून परतणाऱ्याच्या हातात डबा नसतो.

तर कृपा करून एवढंच करा. फलक ठेवा, स्टॉल ठेवा, हिरवा ठिपकाही ठेवा. फक्त डबा उलटा छापा. मागची ओळ पुढे, ठळक, आणि ‘पथ्य नाही’ मागे, मुंगीच्या अक्षरांत. मग बघू किती तात्या १,४९९ मोजतात ते.

कळावे, लोभ असावा, आणि तो लांबूनच असावा.

आपला,
तीन डब्यांचे पैसे भरलेला एक पुतण्या,
जळगाव

ता.क. : काल घरी आल्यावर तात्यांनी उरलेला डबा मागितला. काकू म्हणाल्या, फेकून दिला. तात्या बराच वेळ छताकडे बघत पडून राहिले. मग अहिराणीत हळूच म्हणाले, “मंग आते दारू बी बंद करनी पडी का?” दीड वर्षात तुमच्या औषधाबद्दल एवढं अचूक कुणी बोललं नव्हतं.